शॅमेलिऑनचं पिल्लू चार दिवस काही खात नाहीये, काय करू?

सोनटक्का | ९ फेब्रुवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. पाळीव प्राण्यांच्या विभागात कुत्री, मांजरं आणि एक कासव सोडलं तर काही दिसलं नाही, म्हणून नवीन धागा काढतेय. चुकलं असेल तर हलवा.

आम्ही ओहायोत, कोलंबसला राहतो. लेक अकरा वर्षांचा आहे. वाढदिवसाचे जमलेले पैसे घेऊन तो बाबाबरोबर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनाला गेला आणि शॅमेलिऑनचं पिल्लू घेऊन आला. व्हेल्ड जातीचं, साधारण तीन महिन्यांचं. डोक्यावर पुणेरी पगडीसारखा उंचवटा आहे, म्हणून नाव ठेवलं तात्या. विकणाऱ्याने काचेची पेटी, दिवे, खाली पसरायला लाकडाचा भुसा, पाण्याची वाटी असा सगळा संच दिला. वर म्हणाला, काही करावं लागत नाही, रोज रातकिडे टाका.

पहिला आठवडा बरा गेला. आता चार दिवस झाले, तात्याने एकही रातकिडा खाल्लेला नाही. दुपारी डोळे मिटून फांदीवर बसून राहतो. रंग मळकट तपकिरी झालाय. लेक शाळेतून आला की आधी पेटीशी जातो आणि मग गप्प होतो. सासूबाई सांगलीहून आल्यात. आधी "घरात सरडा?" म्हणून तीन दिवस त्या खोलीत गेल्या नाहीत. आज म्हणाल्या, मूगडाळीचं पाणी चमच्याने पाज, उपाशी किती ठेवणार.

भरवू का? कसं भरवू? कुणी पाळला आहे का?

---

खवचट आजोबा | ९ फेब्रुवारी, रात्री ११.०५

सरड्याची धाव कुंपणापर्यंत ऐकलं होतं, ओहायोपर्यंत पहिल्यांदाच.

---

झाडावरचा | ९ फेब्रुवारी, रात्री ११.२०

आजोबा, थांबा जरा.

सोनटक्का, मी सॅन होजेला असतो. माझ्याकडे सहा वर्षांचा व्हेल्ड आहे, त्याआधी एक दोन वर्षांचा होऊन माझ्याच चुकीने गेला. त्यामुळे जरा रोखठोक लिहितो, राग मानू नका.

भरवू नका. मूगडाळीचं पाणी तर नकोच. हा कीटक खाणारा प्राणी आहे आणि आत्ता त्याची पहिली अडचण बहुतेक अन्न नाहीच.

आधी हे सांगा. पेटीत दिवे कुठले आहेत? खोक्यावरचे आकडे बघून लिहा. दिव्याखालच्या फांदीवर तापमान किती, आणि ते कशाने मोजलं? रात्री दिवा चालू असतो का? शी कशी आहे? काळसर भागाबरोबर एक खडूसारखा तुकडा असतो, ती त्याची लघवी. तो पांढरा आहे की पिवळा-नारिंगी? डोळ्यांचे बुरूज फुगीर आहेत की आत गेलेत?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रातकिडा समोर आला की तो काय करतो? बघतच नाही, की बघतो, तोंड उघडतो आणि मग सोडून देतो? "खात नाही" आणि "खाता येत नाही" ही दोन वेगळी दुखणी आहेत.

---

सोनटक्का | १० फेब्रुवारी, सकाळी ७.१५

एवढं कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. आभार.

दोन दिवे आहेत. एक १०० वॉटचा उष्णतेचा, एक पिळाच्या आकाराचा छोटा "यूव्हीबी" लिहिलेला. शिवाय रात्रीसाठी लाल दिवा, तो रात्रभर चालू असतो. काचेवर चिकटवलेला गोल थर्मामीटर ८२ फॅरनहाइट दाखवतो. खडूचा तुकडा पिवळा नाही, चक्क नारिंगी आहे. डोळे खोल गेलेत, दुपारी जास्त.

रातकिड्याचं विचारलंत म्हणून आज लेकाला नीट बघायला बसवलं. तो म्हणतो, तात्या एक डोळा वळवून बघतो, मग दुसरा, पुढे झुकतो, तोंड उघडतो, जिभेचं टोक बाहेर दिसतं आणि तसंच परत आत जातं. दोनदा केलं. मग डोळे मिटले.

---

झाडावरचा | १० फेब्रुवारी, सकाळी ८.०२

लेकाला शाब्बास सांगा. अर्धं निदान त्याने केलंय.

स्वयंपाकघरात मांसाचं तापमान बघायचा सळीवाला थर्मामीटर असेल तर त्याचं टोक तात्या बसतो त्या फांदीवर, दिव्याच्या बरोबर खाली दहा मिनिटं ठेवा. काचेवरचा गोल थर्मामीटर काचेचं तापमान सांगतो, तात्याचं नाही.

---

सोनटक्का | १० फेब्रुवारी, सकाळी ८.४०

१०४.

१०४ फॅरनहाइट!! मी चार वेळा बघितलं.

---

झाडावरचा | १० फेब्रुवारी, सकाळी ८.५५

भाजतोय तो. एवढ्या पिल्लाला ऊन खायच्या जागी ८० ते ८५ पुरे, बाकी पेटी सत्तरीत. घाईने काचेला हात लावू नका, फक्त १०० वॉटचा दिवा काढून ४० किंवा ६० चा लावा, जाळीपासून उंच धरा, आणि परत सळीनेच मोजा.

लाल दिवा आजपासून बंद. त्याला तो दिसतो, म्हणजे दोन आठवडे बिचारा धड झोपलेला नाही. रात्री पूर्ण अंधार हवा. घरात पासष्टपर्यंत उतरलं तरी चालतं, उलट बरं असतं.

पाण्याची वाटी काढा. साचलेलं पाणी हे पाणी आहे हे बहुतेक शॅमेलिऑनना कळतच नाही. ते पानावरचे थेंब चाटतात. भुसाही काढा, जिभेला चिकटून पोटात गेला तर आतडं तुंबतं. खाली साधा कागदी रुमाल अंथरा.

आता पाणी. प्लास्टिकच्या पेल्याच्या बुडाला टाचणीने भोक पाडा, कोमट पाणी भरा आणि पेटीच्या जाळीवर असा ठेवा की थेंब थेंब पानांवर पडेल. पानं खोटी असली तरी आत्ता चालतील. थेंब हलला, चमकला की तो बघतो. दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. आणि बारीक फवारा, त्याच्या तोंडावर नाही, पानांवर.

पिळाच्या दिव्याबद्दल रात्री लिहितो, मीटिंग आहे. तोवर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरची वेळ घ्या. कुत्र्या-मांजरांचा नको.

---

सोनटक्का | १० फेब्रुवारी, दुपारी १.३०

पेल्याचं भोक मोठं झालं, धारच लागली. सासूबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, हे गळती लावणं आहे. महादेवावर लावतो तशी. भोकात दोऱ्याची वात घाल." घातली. बरोबर टप... टप... टप.

वीस मिनिटांनी तात्याने डोळा उघडला. अजून पाच मिनिटांनी पानाखाली तोंड नेलं आणि प्यायला लागला. किती वेळ! आम्ही तिघं दाराआडून बघत होतो. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. नमस्कार होता की "काय दिवस आले" होतं, माहीत नाही.

---

गोठ्यातला डॉक्टर | १० फेब्रुवारी, रात्री १०.१०

मी कोल्हापूरकडचा पशुवैद्य. माझं आयुष्य म्हशींमध्ये गेलं, त्यामुळे शॅमेलिऑनवर औषध सांगणार नाही. पण दोन गोष्टी सगळ्या जनावरांना लागू आहेत, त्या सांगतो.

वाळलेल्या जनावराला आधी पाणी, मग अन्न. अंगात पाणी नसताना पोटात अन्न ढकललं तर ते पचत नाही, कुजतं. सरपटणाऱ्यांमध्ये तर पचन बाहेरच्या उष्णतेवर चालतं. थंडीत पोट थांबतं आणि जास्त उष्णतेत अंग सुकतं. म्हणून उष्णता आणि पाणी जाग्यावर आलं की निम्म्या केसमध्ये भूक आपोआप येते.

दुसरं, तोंडात ड्रॉपर किंवा सिरिंज घालणं. यांची श्वासाची वाट जिभेच्या बुडाशीच उघडते, घशात आत नसते. बाळाला बोंडल्याने पाजतो तसं पाजायला गेलात तर पाणी थेट फुप्फुसात जाईल. जनावर उपाशी मरायला बरेच दिवस लागतात, असं मरायला एक मिनिट पुरतं.

आपल्याकडे पोर असो, पाहुणा असो, वासरू असो, प्रेम म्हणजे भरवणं. मी स्वतः घरोघरी हेच बघतो, ताप आलेल्या गाईपुढे भाकरीचा ढीग. हात आवरा एवढंच म्हणतो.

---

मुग्धा टोरांटो | १० फेब्रुवारी, रात्री ११.४५

डॉक्टर म्हणतायत ते मी केलं होतं. म्हणजे जे करू नका म्हणतायत ते. २०१९ मध्ये, बिअर्डेड ड्रॅगनला, तोही पाळीव सरडाच. यूट्यूबवर बघून सिरिंजने. अजूनही त्या आठवणीने पोटात गोळा येतो.

शॉवरची युक्तीही सांगतात लोक. कुंडी बाथरूममध्ये ठेवून फवारा भिंतीवर आपटवायचा आणि उडणारे तुषार झाडावर येऊ द्यायचे. मोठ्यांना चालते म्हणे. तीन महिन्यांच्या पिल्लाला?

---

झाडावरचा | ११ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

पिल्लाला नको. जागा बदलली की ते घाबरतं, गार पडतं. गळती उत्तम चाललीये, तीच चालू दे. (सासूबाईंचा शब्द आता मी कायम वापरणार.)

आता तो दिवा. तात्या नेम धरतो, पण जीभ सुटत नाही, हे ऐकून मला कॅल्शियमची शंका येतेय. साखळी अशी. यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण कातडीवर पडले की अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होतं, डी३ असेल तर आतड्यातून कॅल्शियम शोषलं जातं. ते नसेल तर शरीर हाडांतून उसनं घेतं. हाडं मऊ होतात, जबडा रबरासारखा होतो, पाय धनुष्यासारखे वाकतात. पण त्याच्याही आधी स्नायू थकतात. शॅमेलिऑनची जीभ अंगापेक्षा लांब असते. आतल्या काडीसारख्या हाडावर स्नायू आवळला जातो आणि ती धनुष्यातून बाण सुटावा तशी जाते. स्नायूत ताकद नसेल तर बाण भात्यातच. म्हणजे भूक आहे, शिकार दिसतेय, हात पोचत नाही. या दृष्टीने बघा त्याच्याकडे, म्हणजे "हट्टी आहे" असं वाटणार नाही.

पिळाच्या दिव्याची किरणं फार थोड्या जागेत आणि थोड्या अंतरापर्यंत जातात. लांब नळीचा टी५ यूव्हीबी दिवा घ्या, त्यावर ५.० किंवा ६ टक्के लिहिलेलं असतं. फांदी त्याच्यापासून आठ-नऊ इंच खाली. नळी पेटत राहते पण किरणं ओसरतात, म्हणून दर सहा महिने ते वर्षाने बदलायची. आणि खिडकीत ठेवून ऊन दाखवू नका. काच हे किरण अडवते आणि उष्णता मात्र आत कोंडते.

आणखी एक. त्याला किती हाताळता?

---

सोनटक्का | ११ फेब्रुवारी, सकाळी ९.२०

खरं सांगू? रोज. लेकाचे मित्र येतात, प्रत्येकाच्या हातावर एकदा. त्याचा रंग बदलला की पोरं टाळ्या वाजवायची. पेटी टीव्हीच्या शेजारी आहे.

हे लिहितानाच लाज वाटतेय.

---

झाडावरचा | ११ फेब्रुवारी, सकाळी ९.३५

लाज नको, पेटी हलवा. वर्दळ नसलेला कोपरा, आणि उंचावर, म्हणजे तो तुमच्याकडे खाली बघेल. वरून येणारा हात त्याला ससाण्यासारखा वाटतो. आरसा, चकाकती काच, मांजर समोर नको. पेटीच्या तीन बाजूंना कागद लावा.

रंग बदलतो तो पोरांसाठी नाही. गडद झाला म्हणजे गारठलाय किंवा घाबरलाय. "सरड्यासारखा रंग बदलतो" हे आपण माणसांना लबाड म्हणायला वापरतो, पण हा प्राणी उलट लबाडी करूच शकत नाही, मनातलं सगळं कातडीवर लिहिलेलं.

---

काजूबाग | ११ फेब्रुवारी, दुपारी १२.०५

अवांतर, पण राहवत नाही. आमच्याकडे अलिबागच्या बाजूला याच्या देशी भावाला घोयरा म्हणतात. कुंपणावर मान हलवणारा तो साधा सरडा, घोयरा वेगळा. झुलत झुलत चालतो, पावलांचे चिमटे असतात, शेपूट घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळतो. लहानपणी तो विषारी म्हणून लोक दगड घालायचे. विष वगैरे काही नसतं बिचाऱ्याला. पावसाळ्याच्या शेवटी रस्ता ओलांडताना गाड्यांखाली येतात, दिसला की मी थांबून काठीवर घेऊन पलीकडे सोडतो.

रंगाबद्दल, २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं की रंग नुसत्या रंगपेशींनी बदलत नाही. कातडीत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं की परत फिरणारा प्रकाश बदलतो. त्यांचा अभ्यास मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर होता.

---

पुणेरी पाल | ११ फेब्रुवारी, दुपारी १.१५

वा, मस्त माहिती. मला पण पाळायचाय. पुण्यात मिळेल का? नाहीतर सासवडच्या बाजूला शेतात दिसतात, एखादा आणला तर?

---

काजूबाग | ११ फेब्रुवारी, दुपारी १.२२

अजिबात नाही. देशी घोयरा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. पकडणं, बाळगणं, विकणं, सगळाच गुन्हा. परदेशी शॅमेलिऑन वन्य जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या यादीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद करावी लागते, २०२४ मध्ये त्याचे नियमही आले, सरकारच्या परिवेश पोर्टलवर अर्ज असतो. कागद नसलेला प्राणी कुणी देत असेल तर तो कुठून आला असेल याचा अंदाज करा.

शेतात दिसतो ना? तिथेच बघा. फुकट आहे.

---

वेताळ | ११ फेब्रुवारी, रात्री ९.००

मी कडू बोलणार. येमेनच्या डोंगरातला प्राणी ओहायोच्या फेब्रुवारीत काचेच्या डब्यात, त्याचं नाव तात्या, आणि पोरं टाळ्या वाजवतायत. मग तो आजारी पडला की धागा. मुळात घेतलाच का? फ्लोरिडात लोकांनी पाळून कंटाळून सोडलेल्या शॅमेलिऑनची आता जंगली वस्ती झालीये. हौस तुमची, भोग त्यांचे.

---

सोनटक्का | ११ फेब्रुवारी, रात्री ९.५०

वेताळ, बरोबर आहे तुमचं. मी घरी असते तर घेऊ दिला नसता, असं नवऱ्याला दोनदा म्हणूनही झालं. पण आता तो आलाय आणि प्यायला लागलाय. त्याला कुणाला परत देऊ? ज्याने हा संच विकला त्याला?

उद्या दुपारी दोनची वेळ मिळाली. आधी घराजवळच्या दवाखान्यात फोन केला, ते म्हणाले आम्ही सरपटणारे बघत नाही. मग सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या पशुवैद्यांची जी संघटना आहे, एआरएव्ही, तिच्या यादीत पन्नास मिनिटांवर एक मिळाल्या.

---

झाडावरचा | ११ फेब्रुवारी, रात्री १०.१५

वेताळशी मी निम्मा सहमत. जंगलातून पकडलेला कधीच घेऊ नये, आणि घरात जन्मलेलाही वाढदिवसाची भेट म्हणून नाही. पण ते भांडण उद्यानंतर.

नेताना छोट्या खोक्यात फांदी आणि मऊ कापड, आणि ते खोकं गाडी आधी गरम करून मगच बाहेर काढा. ताजी शी मिळाली तर ओल्या रुमालात गुंडाळून पिशवीत घ्या, जंत तपासतील. दिव्यांच्या खोक्यांचे आणि पेटीचे फोटो घ्या. चांगला डॉक्टर प्राण्याआधी पेटीचे प्रश्न विचारतो.

---

सोनटक्का | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०

आलो. सविस्तर लिहिते, कारण पुढे कुणाला तरी लागेल.

डॉक्टरबाईंनी खरंच पहिली पंधरा मिनिटं तात्याकडे बघितलंच नाही, फोटोच बघत बसल्या. मग वजन केलं, १७ ग्रॅम. बोटाने जबड्याची कड हळूच दाबून बघितली, किंचित लवते म्हणाल्या. एक्स-रेमध्ये हाडांची रेघ फिकट दिसली, पण मोडलेलं काही नाही. म्हणजे झाडावरचा यांची शंका खरी निघाली, हाडांचा आजार, सुरुवात आहे. अंगातलं पाणी बरंच कमी होतं, कातडीखाली सलाईन दिलं. तोंडात पू किंवा लाली नाही, श्वासाचा आवाज नाही, नाकातोंडाशी बुडबुडे नाहीत, म्हणजे छाती स्वच्छ. शीमध्ये जंतांची थोडी अंडी सापडली. त्यावर औषध आज दिलं नाही, आधी अंगात पाणी आणि ताकद येऊ दे म्हणाल्या, दोन आठवड्यांनी परत शी तपासायची.

कॅल्शियमचं पातळ औषध दिलंय. कसं द्यायचं ते मला करून दाखवलं. तोंड उघडायचं नाही, ओठाच्या कडेला थेंब लावायचा, तो चाटतो. चाटला नाही तर थांबायचं. भरवायचं का विचारलं, म्हणाल्या, "सहा दिवस द्या त्याला. वजन घसरलं तर मी भरवेन, तुम्ही नाही."

बिल ३१० डॉलर. तात्या ६० ला आला होता. नवरा काही बोलला नाही, समजूतदार आहे.

---

पुणेरी पाल | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.०५

कॅल्शियमचं औषध कुठलं आणि किती थेंब? माझ्या मित्राच्या इग्वानाला पण असंच झालंय.

---

गोठ्यातला डॉक्टर | १२ फेब्रुवारी, रात्री ८.३०

थेंब इथे कुणी लिहू नका. १७ ग्रॅमच्या जिवाला एक थेंब इकडचा तिकडे झाला तरी फरक पडतो, आणि इग्वाना किती किलोचा आहे देव जाणे. मित्राला म्हणावं दवाखान्यात जा.

---

झाडावरचा | १३ फेब्रुवारी, सकाळी ७.४०

सगळं मार्गावर आहे. आता खाण्याचं, कारण ते येणारच.

रातकिडा तात्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. फोटोत दिसतायत ते त्याच्या मानाने बोकड आहेत. आणि न खाल्लेले रातकिडे रात्री पेटीत ठेवू नका, झोपलेल्या पिल्लाला चावतात. रातकिड्यांनाही खायला घाला, गाजर, लाल भोपळा, हिरवी पालेभाजी. जे त्यांच्या पोटात तेच तात्याच्या पोटात. द्यायच्या आधी कॅल्शियमच्या पांढऱ्या भुकटीत घोळवा, शंकरपाळ्यांवर पिठीसाखर भुरभुरतो तेवढंच, वड्याला पीठ लावतो तसं नाही. साधं कॅल्शियम रोजचं, डी३ आणि जीवनसत्त्वं असलेलं महिन्यातून दोनदा. आत्ता मात्र बाई सांगतील ते खरं, कारण औषध चालू आहे.

आजारी असताना जीभ लांब न मारावी लागेल अशी सोय करा. हलक्या रंगाच्या पेल्यात किडे ठेवून तो पेला त्याच्या तोंडाजवळच्या फांदीला बांधा आणि खोलीतून बाहेर जा. खरंच बाहेर जा. आणि छोटी हॉर्नवर्म अळी मागवून बघा. हिरवीनिळी, लुसलुशीत, अंगात भरपूर पाणी. रातकिड्याला तोंड न लावणारे तिला भुलतात. दुकानातलीच घ्या हं, टोमॅटोच्या झाडावरची नको. ती जे पान खाते त्यातलं विष तिच्या अंगात असतं. उन्हाळ्यात लेकाने काजवा आणून दिला तर तोही नाही. सरड्यांना एखादा काजवासुद्धा जीवघेणा ठरतो.

खोटी पानं काढून खरी कुंडी ठेवा. मनीप्लांट, जास्वंद दोन्ही चालतात. व्हेल्ड पानंही कुरतडतो.

---

सोनटक्का | १६ फेब्रुवारी, रात्री ९.१५

खाल्लं नाही अजून. १७ ग्रॅम. रोज सकाळी त्याच काट्यावर, त्याच वेळी. नारिंगी तुकडा आता फिकट पिवळा आहे. दुपारी डोळे उघडे असतात. नवी नळी लागली. पेटीतला दमटपणा मोजला तर २२ टक्के होता, हीटिंगमुळे घरच कोरडं ठणठणीत आहे. रात्री वाफाऱ्याचं यंत्र लावतोय.

काल रात्री एकटीच बसले होते. वाटलं, एक थेंब तर भरवावा. हात पेटीपर्यंत गेला होता. मग डॉक्टरांचं ते एक मिनिट आठवलं आणि दिवा बंद करून झोपायला गेले.

---

मुग्धा टोरांटो | १६ फेब्रुवारी, रात्री ११.३०

मिठी.

---

सोनटक्का | १८ फेब्रुवारी, दुपारी ४.५०

अळी गेली!!!

सकाळी पेल्यात तीन ठेवल्या होत्या, आत्ता दोन आहेत. मला वाटलं पडली असेल, कागद उचलून शोधली, कुंडीत शोधली. नाही. सासूबाई म्हणाल्या, "शोधू नकोस, मी बघितलं. अकरा वाजता. फट्कन." त्या दाराच्या फटीतून बघत होत्या आणि मला सांगितलं नाही, "दृष्ट लागते" म्हणून!

---

खवचट आजोबा | १८ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.१०

पहिल्या दिवशीच्या विनोदाबद्दल माफी. रोज सकाळी चहाआधी हा धागा उघडतो. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

---

सोनटक्का | २७ फेब्रुवारी, रात्री ८.२०

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं रोज तेच होतं: खातोय. काल सहा छोटे रातकिडे आणि एक अळी. जीभ पूर्ण लांब नाही, पण अर्ध्या अंगाएवढी जाते. जबडा अजून तपासायचाय. दुसऱ्या तपासणीत जंतांची अंडी तशीच होती, आता औषधाचा पहिला डोस झाला, त्यामुळे रोज पेटी पुसणं, फांद्या गरम पाण्यात. हात साबणाने धुणं घरात सक्तीचं केलंय, साल्मोनेला जंतूंबद्दल बाईंनी बजावलं. आज २१ ग्रॅम.

लेकाने पेटीवर कागद चिकटवलाय: "बघा पण हात लावू नका." मित्रांसाठी. फोटो टाकतेय, मागच्या पायाजवळचा. तिथे काही सुजल्यासारखं नाही ना?

---

झाडावरचा | २७ फेब्रुवारी, रात्री ८.४५

सूज नाही. पण फोटो मोठा करून बघितला आणि चहा सांडला.

मागच्या पायाच्या टाचेकडे बघा. व्हेल्ड नराला तिथे जन्मापासून एक छोटं नखासारखं टोक असतं, कोंबड्याच्या आरीसारखं. तुमच्याकडे दोन्ही टाचा साफ आहेत.

तात्या बाई आहे.

---

खवचट आजोबा | २७ फेब्रुवारी, रात्री ८.५०

बारसं परत करा. घुगऱ्या आमच्याकडून.

---

सोनटक्का | २७ फेब्रुवारी, रात्री ९.३०

लेक म्हणतो नाव बदलणार नाही. सासूबाई म्हणतात, "पोरीची जात, म्हणून एवढं सोसलंन." विकणाऱ्याने नर म्हणून दिला होता, अर्थात.

याने काही फरक पडतो का?

---

झाडावरचा | २७ फेब्रुवारी, रात्री १०.०५

पडतो, आणि आताच कळलं ते बरं झालं. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते, कोंबडीसारखी. पाच-सहा महिन्यांची झाली की कधीही. एका खेपेला वीस-तीसपासून कधी साठ-सत्तरपर्यंत. ती सगळी कवचं कॅल्शियमची, म्हणजे जिची हाडं आत्ता कुठे भरतायत तिच्याच हाडांतून. आणि खणायला जागा मिळाली नाही तर अंडी आत अडकून मादी मरते. माझा पहिला गेला म्हणालो ना, तो "पहिला" नव्हता, "पहिली" होती. मलाही नर म्हणून दिली होती.

म्हणून पूर्ण बरी झाली की तिला नरापेक्षा थोडं गार ठेवायचं आणि भरपूर खाऊ घालायचं नाही. जास्त उष्णता आणि जास्त खाणं म्हणजे जास्त अंडी. किती ते बाईंना विचारा, आत्ता मात्र ती मागेल तेवढं द्या. आणि पाचवा महिना लागायच्या आत पेटीत वाळूची बादली, फूटभर खोल, कायमची. खणताना कुणी बघतंय असं वाटलं तर ती अर्ध्यात सोडते, त्यामुळे बादलीभोवतीही आडोसा.

---

वेताळ | २८ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

फ्लोरिडाचं मी बोललो ते मागे घेत नाही. पण त्या कागदाचा फोटो टाका, "हात लावू नका" वाल्या.

---

सोनटक्का | २ मार्च, रात्री ८.००

टाकला, वेताळ. अक्षर वाईट आहे, माफ करा.

आज २२ ग्रॅम. खेळाच्या मैदानासाठी मिळते ती धुतलेली वाळू आणली, पन्नास पौंडांचं पोतं, नवऱ्याची पाठ धरलीये. आता सांगा, ही कोरडीच भरायची की ओली करून?

---

झाडावरचा | २ मार्च, रात्री ८.१०

ओली. सासूबाईंना बोलवा, त्यांना लगेच कळेल. मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून पाणी सुटता कामा नये.